पंडूमआधीची मोहफुलं

१५ मार्च
गावाचा मोहफुलाचा पंडूम अजून व्हायचाय. ती पूजा झाल्याशिवाय कुणी फूल वेचत नाही. मैना म्हणाली, आपणही थांबू. मी बायकोवर ओरडलो. आपण येसूचे, आपल्याला कसली बंदी? उद्या जायचंच. गावाला दिसू दे.

१५ मार्च
मैनाला अस्वलाने धरलं. मोहाखाली एकटीच. शाळा तपासायला साहेब यायचे होते, माझ्यासारख्या शिपायाला कुठली सुट्टी! चार बायका सोबत असत्या तर अस्वल जवळ आलं नसतं. पण पंडूमआधी रानात जाणार कोण? भुमिया कारूभाऊ, ज्यांच्या हातून पूजा व्हायची, त्यांनीच खाटेवर घालून सडकेपर्यंत नेलं. ज्यांची जिरवायला निघालो त्यांच्याच खांद्यावर.

१९ मार्च, गडचिरोली, दवाखाना
उजवा डोळा गेला. पास्टर येऊन गेले. "दुःखातून विश्वास पक्का होतो. हा तुमचा क्रूस." माझा? टाके तिच्या तोंडावर. तरी आमेन म्हटलं. लाज वाटली.

२४ मार्च
आज नीट बोलली. "तुमी मले येसूसाठी नाई धाडलं. आपल्या नाकासाठी धाडलं." मग पाणी मागितलं.
बायबल उघडलं नाही. उघडून माझ्याच बाजूचं वचन शोधलं असतं. ओळखतो मी स्वतःला.

२ एप्रिल
घरी आलो. कुणी बोलत नाही. मंगळवारी बैठक. चूक कबूल केली तरच गावात घेणार. पास्टर फोनवर म्हणाले, "तिथं वाकलात तर ख्रिस्ताला नाकारलंत." डोकंच फिरलं. दर रविवारी नम्र व्हा, नम्र व्हा. व्हायची वेळ आली की नको! येसूने शिष्यांचे पाय धुतले, ते कुणाला विचारून?

७ एप्रिल, मंगळवार
गेलो. बैठकीआधीच्या पूजेत बसलो नाही. उभा राहून म्हटलं, माझं चुकलं.
कारूभाऊ म्हणाले, "कोनापुढं चुकलं? आमच्या देवापुढं का तुह्या?"
म्हणालो, "मैनापुढं."
मग कारूभाऊ म्हणाले, पुढच्या बैठकीत पाहू.
घरी येऊन मैनाला सगळं सांगितलं. जरा ऐटीतच, खोटं कशाला लिहू. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.
"गावाले सांगतलं. मले त अजून नाई सांगतलं."
तेव्हापासून तिच्या उशाशी बसलोय. दोनच शब्द आहेत. गावासमोर निघाले, इथे…