वस्तऱ्याचं पाणी

सोमवार, ९ फेब्रुवारी १९८७, जळगाव

काय बोलून बसले मी! "आठ दिवसांत आरसा करून देते!" — आरसा! माझ्या जिभेला हाड नाही.

सोमवारी त्याचं सलून बंद, म्हणून अभिमन धुळ्याहून आला होता. रुमालात गुंडाळून त्याच्या आजोबांचा, सुपडू आबांचा वस्तरा घेऊन. आबांच्या वडिलांपासूनचा, पण आता गंजून काळा ठिक्कर. पुढच्या सोमवारी आबा मला बघायला येणार — आणि वस्तराही! त्यांनी अभिमनला बजावलंय, "पानी गयं ते सोयरीक बी गई!" पाणी म्हणजे पोलादाचा कस. पातं फार तापलं की तो उतरतो, मग धार धरत नाही.

जाताना अभिमन म्हणाला, "तुझ्या हातावर माझा भरवसा आहे." हे हात तेव्हापासून जमिनीवर नाहीत. भाकरी करपली.

मंगळवार, १०

आमची बफची मोटर, म्हणजे पॉलिशचं कापडी चाक फिरवणारी, पातेली चकाकवायची. मिनिटाला अठ्ठावीसशेच्या वर फेरे. माझ्या वडिलांच्या, नानांच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मोटर मीच चालवते. त्यांची दाढीही मीच करते, त्यांच्या जुन्या वस्तऱ्याने.

आधी भंगारातला एक वस्तरा लावून पाहिला. देवाने बुद्धी दिली! चाकाने तो हातातून हिसकावला आणि — सुंऽऽ — समोर टांगलेल्या केळीच्या घडात! असोद्याच्या मामाने पिकायला दिलेला घड. दोन केळी जागच्या जागी सोललेली!

पात्याची कड निळी झाली होती. नाना नाकाला लावून बघत म्हणाले, "निळं पडलं. गेलं पाणी."

आई आतून ओरडली, "गेलं? आत्ताच तर नळाला आलं होतं! हंडा भरला का गं?"

मी हसून हसून खाली बसले. मग घडाकडे पाहिलं. तिथे माझा गळा असता तर? मोटर बंद केली आणि चहा प्यायले. तरी हसूही येत होतं.

गुरुवार, १२

जमलं! जमलं! जमलं!

माळ्यावरची जुनी मोटर काढली, ती मुळातच निम्म्या वेगाची. तिच्यावर छोटी पुली, चाकाच्या दांड्यावर दुप्पट मोठी. म्हणजे वेग आणखी निम्मा. आणि चाकही लहान लावलं. जत्रेतल्या चक्रीत मधे बसलं तर काही वाटत नाही, कडेला बसलं की पोटात गोळा येतो — तसंच हे. चाक लहान, तर त्याची कड हळू. दोन दिवस लागले डोक्यात शिरायला!

नानांचे नियम: धार चाकाच्या समोर धरायची नाही, चाक पात्यावरून धारेकडे निसटून गेलं पाहिजे. हातात फडकं नको, उघडी बोटं. बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात. "तुला सोसवेना तर त्यालाही सोसवेना," म्हणाले.

बोटं लाल झालीत. मजा येतेय.

शुक्रवार, १३

एक बाजू झाली. त्यात माझं नाक दिसतं! नाक बरं आहे माझं.

रविवार, १५

आरसा! फक्त दोन ठिपके उरलेत, गंजाचे, खोल, धारेजवळ. आई म्हणते, "मोठ्या मोटरवर लाव की, मिनिटात जातील. उद्या माणसं येणार, डाग दिसले तर?"

लावणारच होते. मोटर सुरूही केली. पातं चाकापासून वीतभर असेल आणि मला ती निळी कड आठवली. बंद केली. राहू देत ठिपके. मोडली सोयरीक तर ठिपक्यांवरून मोडू दे, पाण्यावरून नको. असं लिहितेय खरी, पण रडू येतंय. अभिमन मला हवाय.

सोमवार, १६, दुपार

आले! आबा ओट्यावर टेकले आणि पहिला शब्द, "पहिले पानी दखाडा!"

आईने मला ढकललंच — पदर डोक्यावर, तबकात पाण्याचे पेले! आबा पेल्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. अभिमनने तोंडात रुमाल कोंबला. मग आबाच इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि शेवटी ते पाणी प्यावंच लागलं!

आबांनी वस्तरा उघडला. अंगठ्याच्या नखावर धार टेकवली. ठिपके पाहिले.

"हाऊ कोनी घासा?"

मी बोटं पुढे केली.

"दोन ठिपका सोडात," आबा म्हणाले, "म्हनीसन पानी रायनं."

सोमवार, १६, संध्याकाळ

आबांनी अंगणात खुर्ची मांडायला लावली, बसले, मान मागे टाकली. अभिमन वस्तरा घ्यायला पुढे झाला. त्यांनी त्याला हाताने अडवलं आणि डोळे मिटून मला म्हणाले, "चालाड."

मी केली दाढी. कुठेही रक्त नाही! गालावरून हात फिरवत आबा उठले आणि वस्तरा मिटून माझ्याच हातात ठेवला. "दुकानमा दोन खुर्च्या शेतस. एक तुनी."

आई अजून विचारतेय, "पण मुलगी पसंत आहे म्हणाले का?"