ताकेवाल्याच्या नावानं

प्रिय मामा,

‘बंद लिफ्ट’ बँडचा दुसरा अल्बम आज आला! चार वर्षं ज्याची वाट बघत होतास ना, तोच. आणि तो आला त्याच दिवशी तुझ्या भाचीची लबाडी उघडी पडली, म्हणून हे पत्र. ग्रुपवर सगळ्यांना सांगायच्या आधी तुला सांगायला हवं. तुझ्याच नावानं केलंय ना सगळं! ओरडायचं असेल तर शेवटपर्यंत वाच आणि मग ओरड.

आठवतं का रे तुला, या सगळ्याची सुरुवात कशी झाली? मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. बंद लिफ्टचा पहिला अल्बम मी घरात मोठ्यानं लावला होता आणि आई आतून ओरडत होती, ‘बंद कर तो पत्र्याचा आवाज!’ तू जेवत होतास. घास हातात तसाच धरून म्हणालास, ‘ऱ्हाऊ दे गं. हे ऐकू येतंय मला.’ तीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेला माणूस तू, बारीक आवाजातलं गाणं तुझ्या कानापर्यंत पोचायचंच नाही. भीमजयंतीच्या गायनपार्टीत कोरसला बसायचास तोही ढोलकीवाल्याला अगदी चिकटून. पण त्या पुण्याच्या चार पोरांच्या गिटारी तुला थेट ऐकू आल्या! आईनं कपाळावर हात मारून घेतला.

मग मीच तुला व्हॉट्सअॅपच्या त्या ग्रुपवर घातलं. कल्याण, ठाणे, नाशिक, पुणे मिळून तेवीस जण. कुठल्या बँडचा नवा अल्बम आलाय, पुढच्या महिन्यात कोणाचा येणार, आधी सोडलेल्या एका गाण्यावरून अख्खा अल्बम कसा निघेल, यावरून एकमेकांची डोकी फोडणारी माणसं. मी दोन वर्षं तिथे होते, पण एक शब्द लिहिला नव्हता. सगळे इतके हुशार, आपण काय बोलणार! तू मात्र पहिल्याच दिवशी बोललास. नावसुद्धा काय घेतलंस, तर कापडाचे ताके तपासतोस म्हणून ‘ताकेवाला’!

आणि तुझं नशीब बघ. जगभरचे नवे अल्बम शुक्रवारी येतात आणि तुझ्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारीच. सकाळी आंघोळ करून, कानात इअरफोन घालून खाटेवर बसायचास तेव्हा पाहुणे आले तरी हलायचा नाहीस. मी तेव्हा कशेळीच्या गोदामात ड्युटीवर, आणि दुपारी जेवायच्या सुट्टीत तुझे मेसेज वाचून एकटीच हसायचे. बाजूच्या मुलींना वाटायचं, हिचं कुठेतरी जमलंय.

तुझी ती शेवटच्या गाण्यापासून ऐकायची खोड! नाशिकची गौरी किती चिडली होती! ‘ताकेवाले, अल्बमला एक क्रम असतो. कलाकारानं विचार करून लावलेला असतो.’ त्यावर तू जे लिहिलंस ते मला अजून पाठ आहे. ‘म्याडम, मी कापड तपासतो. ताका टेबलावर घेतला का शेवटाकडनं उलगडतो. सुरुवातीला कारागीर ताजा असतो, सगळ्यांचंच नीट येतं. शिफ्ट सरताना कसं विणलंय ते बघायचं.’ मग कल्याणचा स्वानंद, आपला अॅडमिन, त्यानं लिहिलं, ‘काका, आजपासून अंतिम निकाल तुमचा.’ आणि तुझे निकाल तरी किती मोठे? ‘माल हाय.’ किंवा ‘माल न्हाय.’ बस!

एक भांडण बाकी आहे तुझ्याशी. छातीत दुखत होतं ते आठवडाभर का लपवलंस? ‘गॅस झालाय’ म्हणे! दुसऱ्याच्या कापडातला एक तुटका धागा दिसायचा तुला, आणि स्वतःचं काहीच दिसलं नाही? या बाबतीत मी तुला माफ केलेलं नाही, आईनं तर मुळीच नाही.

आता माझं ऐक. तू गेलास त्याला चार दिवस झाले होते. घरात पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती, आणि कपाटावर ठेवलेला तुझा फोन वाजला. गौरीचा मेसेज. ‘ताकेवाले, गेलात कुठे? शुक्रवार उलटून गेला, निकाल कुठाय?’ मला खरं लिहायचं होतं, शपथ. पण बोटांनी लिहिलं, ‘माल हाय.’ अल्बम मी ऐकलाही नव्हता! लगेच पलीकडून हसण्याचे, टाळ्यांचे मेसेज पडायला लागले. आणि मला इतकं बरं वाटलं मामा, तू बाजूच्या खोलीत बसून लिहितोयस असं वाटलं. पुढच्या शुक्रवारी पुन्हा लिहिलं. मग त्याच्या पुढच्या.

सात महिने मी ताकेवाला होते. आणि खरं सांगू? मजा आली! जी मुलगी ग्रुपवर कधी तोंड उघडत नव्हती ती तुझ्या नावाखाली धडाधड बोलायला लागली. गणपतीत तर एका कोलकात्याच्या बँडवरून गौरीशी तीन दिवस भांडले. एकदाच फसता फसता वाचले. पहिल्या गाण्याबद्दल आधी लिहून बसले, आणि गौरी म्हणाली, ‘तुम्ही आणि पहिल्या गाण्यापासून? तब्येत बरी आहे ना?’ मी लिहिलं, ‘चुकून बोट लागलं.’

आईला कळलं तेव्हा मात्र माझी खैर नव्हती. ‘गेलेल्या मानसाच्या नावानं खोटं बोलतंस? रोज पंचशील म्हनतंस ना, चौथं शील काय हाय गं?’ आणि मग तीच हळूच विचारते कशी, ‘मंग काय म्हनली ती नाशकाची?’ तुझीच बहीण शेवटी!

पण तू एक घोळ करून ठेवला होतास. ‘बंद लिफ्टचा दुसरा अल्बम आला का सगळ्यांनी भिवंडीला या, एकत्र ऐकू, जेवाण माझ्याकडं’ असं कधीतरी लिहून मोकळा झाला होतास. अल्बमची तारीख जाहीर झाली आणि स्वानंदनं ते जुनं आमंत्रण शोधून काढलं. ‘काका, येतोय आम्ही!’ पत्ता मागितला, मी दिला. का दिला? उद्या सांगू, उद्या सांगू करत आजचा शुक्रवार उजाडला. मी रजा टाकली. आईनं कोंबडी आणायला लावली, सुक्या बोंबलाची चटणी केली. म्हणाली, ‘मानसं त्याच्या नावानं येतायत, उपाशी जाऊ द्यायची न्हायत. पन तोंड तू उघडायचंस.’

अकराच्या सुमाराला तुझा फोन वाजला. मेसेज नाही, कॉल! आजवर कोणी कॉल केलाच नव्हता.

‘हॅलो, ताकेवाले? गौरी बोलतेय. पडघ्याला आलेय, एसटी ट्रॅफिकमध्ये उभी आहे. माझ्याआधी ऐकलात तर बघा हं!’

‘मी त्यांची भाची बोलतेय.’

‘हो का? अगं, दे ना त्यांना फोन.’

बाहेर गेलेत म्हणावं, आजारी आहेत म्हणावं, गावाला गेलेत म्हणावं. तिन्ही थापा ओठांवर आल्या. समोर आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला होता.

‘मामा फेब्रुवारीत गेला,’ मी म्हणाले.

मग तिनं विचारलं, ‘मग गणपतीत माझ्याशी कोण भांडत होतं?’

‘मी.’

तिनं फोन ठेवला. मला वाटलं, संपलं. आता ती तिथूनच मागे फिरणार, स्वानंदला सांगणार, आणि आपल्याला ग्रुपमधून हाकलणार. तुला आणि मला, दोघांना!

पण आली रे ती. दारात उभी राहिली, तर पंचेचाळिशीची, शाळेत गणित शिकवणारी बाई! मी आपली माझ्याच वयाची समजत होते. चप्पल काढायच्या आधी मला म्हणाली, ‘खोटं बोललीस त्याचं मला एवढं नाही वाटत. पण माझा मित्र गेला आणि तू मला सात महिने रडूही दिलं नाहीस.’ मामा, माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. तू फक्त आमचा, असंच मी धरून चालले होते. मी माफी मागितली, पण ती कमीच होती. आईनं तिचा हात धरून आत नेलं, पाणी दिलं, म्हणाली, ‘रडून घे बाय आता. मंग जेव.’ दोघी तुझ्या खाटेवर बसून रडल्या.

तेवढ्यात कोन गावच्या ट्रॅफिकमधून सुटून स्वानंद आणि ग्रुपमधले आणखी दोघं जण पोचले. त्यांनाही सगळं सांगितलं. स्वानंद तुझ्या फोटोपुढे बराच वेळ हात जोडून उभा होता. मग मला म्हणाला, ‘कोलकात्याच्या बँडबद्दल तू बरोबर होतीस, बरं का.’ गौरीनं त्याच्याकडे असं काही बघितलं!

जेवलो, आणि अल्बम लावला. शेवटच्या गाण्यापासून, हे गौरीनंच सांगितलं. ‘पाणी उद्या येईल’ असं नाव आहे अल्बमचं, नऊ गाणी. नवव्यापासून पहिल्यापर्यंत सगळी ऐकली. संपलं तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. ‘काय म्हणाले असते काका?’

मी डोळे मिटले. सात महिने जमलं होतं रे! तुझा आवाज कानात यायचा आणि बोटं चालायची. आज काही येईना. तुझ्या सगळ्यात लाडक्या बँडचा अल्बम, आणि तू काय म्हणाला असतास ते मला माहीत नाही. आतापर्यंत लिहिलेलं सगळं माझंच होतं, तुझं त्यात काहीच नव्हतं, हे तेव्हा कळलं. मी तिथेच हुंदके देऊन रडले मामा. तू गेलास त्या दिवशीही इतकी रडले नव्हते.

मग नाक पुसलं आणि म्हणाले, ‘मामाचं माहीत नाही. मला नाही आवडला.’

‘काय?’ गौरी केवढ्यानं ओरडली! ‘सातवं गाणं नीट ऐकलंस तरी का?’ मी म्हणाले, ऐकलं, तेच सगळ्यात वाईट आहे. झालं! दीड तास भांडलो. चहा दोनदा गरम करायला लागला. आई मध्येच गौरीच्या बाजूनं बोलायला लागली, तिला काय कळलं देव जाणे! निघताना गौरीनं माझा नंबर घेतला. म्हणाली, ‘तुझं नाव काय गं? ते विचारायचंच राहिलं.’

तर शब्द देते मामा. तुझा नंबर ग्रुपवर राहील, स्वानंदची तशी इच्छा आहे. पण त्यावरून आता एक अक्षर जाणार नाही. हे पत्र मिटलं की बाकीच्यांना मी खरं काय ते सांगणार, माझ्या फोनवरून. शिव्या पडल्या तर खाईन, आणि ज्याला तुझ्यासाठी रडायचंय त्याला रडू देईन. पुढच्या शुक्रवारी शिलाँगच्या त्या पोरींचा अल्बम येतोय. त्यावर जे काही वाटेल ते माझं मला वाटेल, आणि खाली माझं नाव असेल.

जयभीम, मामा.

तुझी भाची,
सुजाता