कुंकू लावलेला दगड

११ जानेवारी
सकाळी मोजणीवाले आले. घरापुढच्या खाचरात उतरले. भात कधीच काढून झालंय, मोकळंच पडलंय. हिंजवडीची कोंडी फुटावी म्हणून नवा रस्ता निघालाय, तो आमच्या ओसरीवरून जाणार. खाचराच्या मधोमध सिमेंटचा दगड रोवला. दादा म्हणाला, "आमाला इचारलं कुनी?" त्यांच्यातला एकजण म्हणाला, नोटीस चावडीवर लावली होती.
मी शाळेला निघाले होते. उभी राहिले, पाहिलं, वडापची जीप पकडली. राग यायला हवा होता.

त्याच दिवशी, संध्याकाळ
घरी येऊन बघते तर दगडाला हळदकुंकू, वर झेंडूची दोन फुलं, तांदूळ. आईचं काम.
"हे काय केलंस?"
"रोवलेला दगड कोरा ठिवत्यात व्हय? बांधाचा असू दे न्हाईतर म्हसोबाचा."
तिच्या लेखी विषय संपला. मोजणीवाल्यांना चहाही केला म्हणे, दारी आलेला माणूस. जाताना त्यांनी मोबाइलवर दगडाचा फोटो काढला. आई शेजारी उभी होती, डोक्यावर पदर घेऊन.

१४ जाने.
नववीला नागरिकशास्त्र शिकवलं. धडा हक्कांचा. नेहमीचं सांगितलं, काही हक्क सरकार देत नाही, माणूस ते जन्माला येतानाच घेऊन येतो, सरकारने फक्त राखायचे. मग पुढचं वाक्य, मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्कांत नाही, नुसता कायदेशीर आहे. मुलांनी निमूट लिहून घेतलं. माझा आवाजही तोच, कालच्यासारखा.
डब्यातली भाजी खारट होती. खाल्ली.

२० जाने.
हरकतीचा अर्ज दिला. सातबाऱ्यावर आई, दादा, मी. तिघांच्या सह्या. आईचा अंगठा. रस्ता नको असं नाही लिहिलं, आधी विचारा एवढंच लिहिलं. वळसा घेता येतो, वरच्या अंगाला पडीक माळ आहे.
सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. यांनी सुनावणीची तारीख आठवड्यात दिली.

२८ जाने.
सुनावणी. तिघं गेलो. साहेब सभ्य. आईला खुर्ची दिली, पाणी मागवलं. फाइल उघडली आणि तो फोटो समोर ठेवला. दगड, कुंकू, आई. खाली छापलेलं, 'खातेदारांनी सीमादगडाचे पूजन करून प्रकल्पाचे स्वागत केले.'
"बाई, तुम्ही तर पूजा केलीत. मग हरकत कशाची?"
मी म्हटलं, ती आमची रीत आहे, संमती नव्हे. ते म्हणाले, "अहवालात रीत लिहायला रकाना नसतो." खोचकपणे नाही म्हणाले, खरंच दमलेले दिसत होते.
मग आई बोलली. "दगडाला कुंकू लावलं आमी. तुमाला न्हाई लावलं."
कोणीतरी हसलं. साहेबांनी लिहिलं काहीतरी. निकाल कळवतो म्हणाले.
परतताना दादा गाडीत आईशी बोलला नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

२९ जाने.
दादा पहार घेऊन खाचरात गेला. आई आडवी आली.
"पुजलेला दगड उपटायचा न्हाई."
"आगं त्यो सरकारचा हाय!"
"कुनाचा का असंना. त्याच्यावर तांदूळ टाकल्यात मी."
दादाने पहार तिथंच टाकली. दोघंही माझ्याकडे बघायला लागले, शिकलेली म्हणून.  मी वह्या तपासायला घेतल्या.

३ फेब्रु.
आई रोज सकाळी दगडाला पाणी घालते. दादा त्या वेळी मागल्या दाराने जातो. जेवायला तिघं बसतो, तिघांची तोंडं तिन्हीकडे.
मला विचाराल तर काही वाटत नाही. जीभ भाजल्यावर चव जाते तसं. घर जाणार हे वाक्य मनात म्हणून पाहिलं. दोनदा. काही नाही.

९ फेब्रु.
निकालाचा कागद आला. हरकत 'नोंद घेऊन निकाली'. वरच्या माळाचं एक अक्षर नाही. कुंकवाचं आहे.
आईला वाचून दाखवलं. तिने कागदाची घडी घातली. मग म्हणाली, "जमीन काय सरकारनं केली? सरकारच्या आदीपास्नं हाय ती. मंग इचारायला काय जातंय?"
हेच मी फळ्यावर लिहिते. तिच्या तोंडून ऐकताना पहिल्यांदा आत कुठेतरी दुखलं.

१० फेब्रु.
शाळेत गेले नाही. ऊन उतरल्यावर आई न्हाऊन खाचरात गेली. तांब्या, अक्षता, दही. मला हाक मारली. दादा ओसरीवर बसला होता, तोही उठून आला.
उत्तरपूजा केली तिने दगडाची. गणपतीची करतात तशी. अक्षता टाकल्या, दही ठेवलं, दोन्ही हात लावून हलवायला गेली. सिमेंट. हलेना. "हालला म्हनायचं," म्हणाली. मग तांब्यातलं पाणी ओतून कुंकू धुतलं, पदराने पुसलं. गणपतीला निरोप देताना म्हणतो, पुन्हा या. ते म्हणाली नाही.
"आता नुसता दगड हाय. करा काय करायचं ते."
दादाने पहार उचलली आणि थांबला. माझ्याकडे बघत. नागरिकशास्त्राच्या बाईकडे. सीमेची खूण उपटणं गुन्हा आहे, मला माहीत आहे. त्यालाही. माझं नाव आहे सातबाऱ्यावर आणि शाळेच्या हजेरीपटावरही.
"आले," म्हटलं, आणि घरात आले. दिवा लावायचं निमित्त. पाच मिनिटं झाली. अक्षर वाकडं येतंय. किती दिवसांनी.
बाहेर अजून पहारीचा आवाज नाही. दोघं वाट बघतायत माझी.