राजाची अडीच घरं

मंगळवार, दिवेलागण. नेवासा.

आज मोबाईलवर लढाईचे फुकट खेळ शोधले. दोन-तीन उतरवले, काढून टाकले, जीव रमेना. शेवटी पुण्याच्या लेकीशी मोबाईलवरच बुद्धिबळाचा डाव लावला. शह बसायच्या आत राजाला एकदा घोड्यासारखं अडीच घरं उडवायला गेले, तर तो हलेना. पुन्हा बोट लावलं. नाहीच.

लेक फोनवर हसली, "आई, ते बाबांचं देशी बुद्धिबळ. इथं नाही चालत."

मग मी इतकी वर्षं खेळले ते काय?

मग तीच म्हणाली, "बरं, घरचा पट मांड. मी चाली सांगते, माझ्या सोंगट्या तूच हलव."

मांडला. काळ्या सोंगट्या तिच्या, म्हणजे ह्यांच्या बाजूच्या. हे गेल्यापासून तिकडे कुणी बसलेलं नाही.

"हलवलं का माझं प्यादं?"

हो म्हटलं. अजून हलवलेलं नाही.