बोर्ड दाराबाहेर

७ नोव्हें. ९३, रवि.
सुमनचं ठरलं. आतल्या खोलीत अळंबी लावायची. महिला मंडळात शिकून आलीय, वहीभर टिपणं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, बाई पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागतेय. वायरिंग अर्थात माझं. आयुष्यभर लोकांच्या घरात वायरी ओढल्या, आता आपल्या. दोन ट्यूब, एक्झॉस्ट पंखा वर, बोर्ड आत दाराशेजारी. दहा मिनिटांत नकाशा तयार.

१० नोव्हें., बुध.
मुर्धा गावातून पेंढा आणला. विकणारा म्हातारा विचारतो, "गाय न्हाय, बैल न्हाय, मंग पेंढा कोनाला?" सांगितलं तर हसतच बसला. पेंढा उकळला, अळंबीचं बी घालून प्लास्टिकच्या पिशव्या भरल्या, खोलीत टांगल्या.

२ डिसें., गुरु.
बुरशी धरून पिशव्या पांढऱ्याशुभ्र. वरचं प्लास्टिक कापून काढलं. आता दिवसातून तीनदा पाणी फवारायचं. भिंतीही ओल्या होतात. होऊ देत.

५ डिसें., रवि.
कोंब आले पण नुसत्या लांब दांड्या, टोप्या बटणाएवढ्या. सुमन म्हणाली, "गुदमरतायत. खराब हवा खाली साचते, तुमचा पंखा वर."
म्हटलं, स्वयंपाकघरात वरच असतो.
"हे स्वयंपाकघर आहे का?"
खोलीच्या गॅलरीकडच्या दाराची खालची फळी कापून पंखा तिथे बसवला.

७ डिसें., मंगळ.
सुमनला शॉक बसला. फवारून झाल्यावर ओल्या हातानेच बटण बंद करायला गेली. मागे फेकली गेली. शेजारच्या भाभी धावत आल्या, "करंट लगा क्या?" मग माझ्याकडे बघितलं. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं. हात अजून बधिर आहे.

८ डिसें.
चूक माझी, शंभर टक्के. लोकांच्या बाथरूमचं बटण नेहमी बाहेर दिलं. इथे खोली म्हटल्यावर हात आपोआप आत, दाराशेजारी गेला. पाण्याची खोली आहे हे डोक्यातच आलं नाही. तिने रोज ओल्या हाताने ते बटण दाबलं. लाज वाटते.

१२ डिसें., रवि.
बोर्ड बाहेर घेतला. नवी वायर, अर्थिंग, सगळं. तीनदा तपासलं. सुमन आत पाऊल टाकत नाही. फवारतो मीच. टोप्या आता तळहाताएवढ्या, पंखा खाली घेतल्यापासून. तिचंच खरं. म्हटलं, बघायला तरी ये. "तोडा तुम्हीच," म्हणाली. राग नाही बोलण्यात. राग परवडला असता.

१५ डिसें., बुध.
आज दाराशी आली. कोरडाच हात पदराला पुसला. परत पुसला. "आधी तुम्ही बटण लावा."
लावलं. उंबऱ्यावरूनच बघत राहिली.
"कोपऱ्यातली पिशवी सुकतेय."
फवारणीचा पंप पुढे केला. घेतला तिने. पण उंबऱ्यातच उभी. मी बाजूला झालो.