दुधाचा दात

प्रिय आबा,

आज मला शाळेने निरोप दिला. नारळ, शाल, फोटो, सगळं झालं. दोन वर्षं आधीच, आबा! घंटा वाजवायला हात अजून धडधाकट आहेत, पण रजिस्टरात तुम्ही सांगितलेली तारीख आहे ना! तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून हे भांडण कागदावर करते.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची. तुम्ही घोडेगावच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवणारे, मला ठेवणार कुणापाशी? थोरल्या भावाबरोबर शाळेत बसवायला नेलंत. गुरुजींनी उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावायला सांगितला. पोचला नाही, म्हणजे सहाची झाले नव्हते. तुम्ही म्हणालात, "लिवा की गुर्जी दोन वर्सं वाढवून. घरी हिला कोन बघनार हाय?" गुरुजींनी लिहिलं, आणि लहान म्हणून पहिलीतच तीन वर्षं बसवलं. बाजारात सगळे जनावराचं वय कमी करून सांगतात, तुम्ही पोटच्या पोरीचं वाढवलंत!

एकाहत्तर साली मी चौथीत तालुक्यात पहिली आले. नगरच्या सरकारी वसतिगृहात राहून मॅट्रिकपर्यंत फुकट शिकायला मिळणार होतं. मी दहाची, कागदावर बाराची, आणि अट अकराच्या आतली. तिथल्या साहेबांनी दाखला परत केला. तेव्हा तुम्ही काय केलंत? भर ऑफिसात माझी हनुवटी धरून तोंड उघडलंत.

"दात बघा सायेब! दुधाचा दात अजून हाय हिला. बैलाचं वय मी कधी चुकलो न्हाई, पोरीचं चुकंन व्हय?"

सगळं ऑफिस हसलं. तेव्हापासून मी तोंडावर हात ठेवून हसते. आज फोटोवाला म्हणाला, "मावशी, हात काढा." मी काढला नाही.

एस.टी.त मी तुम्हाला म्हणाले, "माज्या शाळंत परत येऊ नका." एवढ्याशा पोरीचं बोलणं ते, आणि तुम्ही जन्मभर पाळलंत! मी शाळेत शिपाई म्हणून लागले तरी डबा फाटकातच देऊन वळायचात. का ऐकलंत माझं?

दुष्काळ पडला तेव्हा तेच वाढवलेलं वय कामी आलं. चौदा पूर्ण म्हणून मुकादमाने हजेरीत नाव घेतलं आणि मी खडी फोडायला बसले. शाळा सुटली ती सुटलीच. त्याच शाळेत पुन्हा गेले ती शिपाई होऊन पाणी भरायला. दर जूनला मुलींच्या दाखल्यांसाठी रजिस्टर मीच कपाटातून काढायचे आणि माझं पान उघडून बघायचे. सुखात राहिले असं खोटं कशाला लिहू? राग गेलेला नाही, आबा.

पण अर्धा राग माझा माझ्यावरच आहे. हसणं थांबल्यावर साहेब पुढे वाकले होते. "तूच सांग पोरी, खरं वय किती?" मला घ्यावं असं त्यांच्या मनात आलं होतं. मला तुमची इतकी लाज वाटत होती, इतका संताप आला होता, की मी म्हणाले, "बारा."

तुम्ही ऐकलंत. माझ्या हनुवटीवरचा तुमचा हात खाली आला. एकदाही बोलून दाखवलं नाहीत. निदान एक थोबाडीत तरी मारायची होतीत!

यापुढे कुणीही वय विचारलं, तर खरं सांगेन. कशावरून म्हणाले, तर तोंडावरचा हात काढून सांगेन, माझ्या आबांनी दात बघितला होता.

तुमची धाकटी,
शकू