नुसतं बसायच्या गटातला माणूस

मनोरमा,

इरावतीच्या कॉलेजात जाऊन येतो. रागावू नकोस, आधी वाच.

व्यायामानं म्हाताऱ्यांच्या रक्तात वाढीचं हार्मोन आणि त्याच्या जोडीचे घटक वाढतात का, ते बघायला इरावतीनं तुला व्यायामाच्या गटात घातलं आणि मला नुसतं बसायच्या. काल तिचा फोन आला, "काका, बसून बसून तुमचं हार्मोन कसं काय वाढलं?"

आता कबूल करतो. बारा आठवडे तू हॉलमध्ये डंबेल घेऊन आकडे मोजायचीस, तेव्हा मी स्वयंपाकघरात तुझ्याच मोजणीवर डाळींचे डबे उचलत होतो. डबे जागा बदलतात म्हणून तू उगाच गीताबाईला झापलंस. तिला सॉरी म्हण. इरावतीला मी खरं सांगून येतो, नाहीतर बिचारीच्या रिसर्चचा सत्यानाश.

येताना गरम पोहे-जिलेबी आणतो. तोवर चहा करून घे. गॅसची टंकी सकाळीच संपली, पण समोरच्या पप्पू भियाला हाक मारू नकोस. मागच्या वर्षी मी पडल्यापासून तू मला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नाहीस ना?

भरलेली टंकी मी लावलीय. एकट्यानं.

वासुदेव